तेहेतीस माशांचं वाण

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. दोन ज्येष्ठ. लग्नाच्या तिथी थांबल्या, मंडपवाले जरा टेकले, आणि बाजारात मिठाईवाल्यांनी दुकानाबाहेर टेबलं टाकून अनारशांचे ढीग रचले. शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मी घरीच. दुपारी कूलरसमोर बसून शेजारच्या काकूंना त्यांच्या जावयासाठी बत्तासे मोजून द्यायची. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही आणि वाणात एकही कमी पडलेला चालत नाही. तेहेतीस म्हणजे तेहेतीस. काकू विचारायच्या, "मॅडम, तुमचे बाबा कवा येऊन राह्यले वाण घेऊन?" मी म्हणायची, "येतील की." मग माझं मोजणं चुकायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

हा अधिकाचा महिना दर तीन वर्षांनी येतो. आपल्याकडे या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. दोघांना पाटावर बसवायचं, परातीत पाय धुवायचे, आणि तेहेतीस अनारसे किंवा बत्तासे, वर दिवा ठेवून, जावयाच्या हातात द्यायचे. वस्तू जाळीदार हवी असा दंडक. जावई एरवी कसाही असो, या महिन्यात त्याची चंगळ असते. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला आईनं केलेले अनारसे विवेकला इतके आवडले, की वाण चार घरी वाटायचं असतं हे विसरून त्यानं डबा कपाटात ठेवून दिला. आई ती गोष्ट आमच्या सगळ्या उंद्री गावाला सांगून वर्षभर हसली.

मागचा धोंडा श्रावणात आला आणि तोवर आई गेली होती. भाऊ-वहिनी पुण्यात. गावच्या घरात बाबा एकटे. त्यांचा फोन आला तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होते.

"अनारसे तं मले जमनार नाहीत बाई," बाबा म्हणाले. "तांदूळ तीन दिवस भिजू घालतात का चार, तेबी मले माहीत नाही. इकतचे आनाले मन होत नाही. जावईबापूले आवडते तरी काय?"

"मासे," मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं. "दुसरं काहीच नाही."

बाबा माळकरी. पण मासे म्हणजे ताटातले नव्हेत, काचेच्या पेटीतले, हे त्यांना माहीत होतं. आमच्याकडे आले की ते त्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसायचे.

विवेक मोजणीच्या खात्यात आहे. लोकांच्या वावराच्या हद्दी मोजता मोजता त्याला सगळंच मोजायची सवय लागली. हॉलमध्ये त्याची ती दोन फुटी टाकी होती. आणली तेव्हा महिनाभर तिच्यात नुसतं पाणी. येणारा-जाणारा विचारायचा, "मासे कुठं हायेत?" तो म्हणायचा, "पाणी तयार होतंय." मग निळ्या रेघेचे चिमुकले निऑन टेट्रा आले, सात-आठ, कारण ते थव्याशिवाय बिचकतात. तळाशी रेती हुंगत फिरणारे मिशीवाले कोरी आले, तीन. बस. मधल्या पाण्यात कोण राहणार, तळाशी कोण राहणार, असा सगळा त्याचा आराखडा. मी कधी दुकानात त्याच्याबरोबर गेले आणि एखादा लांब पंखांचा देखणा मासा दाखवला, की तो म्हणायचा, "आत्ता केवढा दिसतो ते पाहू नको. मोठा झाल्यावर केवढा होईल ते पहा. आणि आपल्यातल्या कोणाशी त्याचं पटेल ते विचार." मला हसू यायचं. आमचं लग्न जमवताना छत्तीसातले किती गुण जुळतात ते पाहिलं होतं, पण एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

"माझ्या वर्गात एका खोलीत बासष्ट पोरं आहेत," मी त्याला चिडवायची. "त्यांचं एकमेकांशी पटतं का, हे कोणी विचारलं?"

तो हसायचा, पण मासा काही वाढवायचा नाही.

खरं सांगायचं तर त्या टाकीवर माझा राग होता. आमचं घर दोन खोल्यांचं. माझ्या माहेरचं माणूस एकटं येत नाही, जीपभर येतं. दवाखान्यात दाखवायचं असतं एकाला, सोबत चार जण. विवेक कधी कुणाशी वाकडं बोलला नाही, चहा स्वतः करायचा. पण गाद्या टाकायची वेळ आली की त्याची नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची, आणि ती नजर मला पाठ होती. एकदा सगळे गेल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडचे लोक एकदमच येतात." वाईट अर्थानं म्हणाला नव्हता. मी मात्र ते वाक्य लोणच्यासारखं मुरत घातलं.

त्या श्रावणात पाऊस लागून राहिला होता. कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा ओलसर वास. बाबा आले ते एका बादलीवर ओलं पोतं झाकून. उंद्रीहून चिखली, चिखलीत दुकान, आणि तिथून बुलढाण्याच्या एसटीत ती बादली दोन्ही पायांच्या मध्ये धरून. पोतं काढलं तर आत हवेनं फुगवलेल्या पिशव्या आणि पिशव्यांत मासे. सोनेरी, पट्ट्यापट्ट्यांचे, रंगीत शेपट्यांचे, पतंगासारखे उभट.

"तेहेतीस हायेत," बाबा म्हणाले. "मोजून घेतले. दुकानवाला म्हने एकाच जातीचे घ्या. मी म्हटलं, नाही. वावरात आपन नुस्तं सोयाबीनच पेरतो का? तुरीचं तास रायते, मूग रायते, उडीद रायते, धुऱ्याले अंबाडी रायते. तवा वावर वावर वाटते." मग जरा लाजून म्हणाले, "आन् अनारशाले जाळी लागते म्हनतात. हे तं जाळ्यातूनच आले."

आई गेल्यावर त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता.

पाट मांडले, परात आणली. बाबांनी आमचे पाय धुतले, निरांजन लावलं आणि एकेक पिशवी ताटात ठेवून ताट विवेकपुढे धरलं. विवेकनं पिशव्यांकडे पाहिलं. टायगर बार्ब, एंजल, गप्पी, गोल्डफिश. यातले कोण कोणाच्या शेपट्या कुरतडतात, कोण कोणाला गिळतात आणि कोणाला गार पाणी लागतं, हे इतकी वर्षं ऐकून मलाही कळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो विचारत होता. नीट, हळू शब्दांत तो बाबांना सांगू शकला असता, आणि मी होकार दिला असता तर त्यानं सांगितलंच असतं. मी डोळे मोठे केले आणि मान खाली झटकली. घ्या.

त्या नजरेत बाबांचं मन राखणं होतं. आईशिवायचं पहिलं वाण होतं. ते खरंच आहे. पण तिच्यात ते मुरलेलं लोणचंही होतं. यालाही कळू दे एकदा घर भरलं म्हणजे कसं असतं ते. हे मला नंतर उमगलं असं म्हणायची सोय नाही. मान झटकली तेव्हाच मला ते माहीत होतं, आणि जरा बरंही वाटलं होतं.

विवेकनं ताट घेतलं, कपाळाला लावलं. पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडून एकेक मासा आत सोडला. सगळी काच हलायला लागली. बाबा खुर्ची ओढून बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत. "गोकुळ झालं," ते म्हणाले. मी पोळ्या लाटता लाटता डोळे पुसले.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. बार्बांनी एंजलच्या लांब पंखांच्या चिंध्या केल्या. गप्पी कमी व्हायला लागले आणि कुठे गेले ते शोधायची गरज नव्हती. विवेकचे निऑन फिल्टरच्या मागे एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. पाणी दुधट झालं आणि सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. त्यात पावसानं लाइट जायची, की हवेचा पंप बंद. मग आम्ही दोघं टाकीपाशी उभं राहून तांब्यानं पाणी उचलायचो आणि उंचावरून परत ओतायचो, म्हणजे त्यात थोडी हवा मिसळेल. हात भरून आले की दुसऱ्यानं तांब्या घ्यायचा. ज्यांचं कोणाशीच पटत नव्हतं त्यांना वेगळं काढलं. पातेलं, बादली, कपडे भिजवायचा टब, लोणच्याची रिकामी बरणी, सगळ्यांत एकेक भांडखोर. स्वयंपाकाला भांडं उरलं नाही. मी वरण कुकरमधूनच वाढत होते.

विवेक चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो चिडला नाही. त्यानं ओळखीपाळखीच्या लोकांना फोन केले. एकाच्या बागेतल्या हौदात काही गेले, माझ्या शाळेतल्या बाईंनी चार नेले. तेवढे वाचले असतील. राहिलेल्यांतले बरेचसे गेले, आणि त्याचे स्वतःचेही गेले. तळाशी रेती हुंगणारा शेवटचा कोरी गेला तेव्हा त्यानं गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत खड्डा केला, हात धुतले आणि तिथेच खाली बसला.

"मी नको म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं सगळं. बाबांना सांगू नकोस. धोंड्याच्या दानातले जीव गेले असं कळलं तर ते जेवणार नाहीत."

तुम्ही नको म्हणणारच होता, मी म्हणू दिलं नाही. एवढं एक वाक्य तेव्हा माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, "नाही सांगत."

बाबांचा रोज फोन यायचा. "माशे जेवले का?" मी म्हणायची, "जेवले." सासरी गेलेल्या मुलीनं माहेरी खोटं सांगण्यात तरबेज व्हावंच लागतं, पण हे खोटं बोलून मी घाईनं फोन ठेवायची. मग एक दिवस त्यांनी विचारलं नाही. हवा-पाण्याचं बोलले आणि म्हणाले, "मी चिखलीले गेलतो. म्हटलं जावईबापूच्या माशाइसाठी खायाचे दाने घ्याव. दुकानवाल्यानं टाकी केवढी हाये म्हनून इचारलं. मी हातानं दाखवली. तो म्हने, बाबा, तेवढ्यात तेहेतीस? कितीक राह्यले बाई, खरं सांग."

मी खरं सांगितलं. 

"जावईबापूले सांगू नको मले समजलं म्हनून," ते म्हणाले. "त्यायनं माह्या तोंडाकडे पाहून घेतले. पाप माह्या हातानं झालं, त्यायले काऊन तरास?"

तेव्हापासून तीन वर्षं ही दोघं माणसं एकमेकांना जपत होती. दर अमावास्येला बाबा कणकेच्या गोळ्या करून गावाजवळच्या पाझर तलावावर जायचे आणि माशांना खाऊ घालायचे. गावातले लोक हसायचे, "बुढा माशाइले जेवू घालते." इकडे विवेकनं टाकी धुऊन, पुसून, कोरडी करून जागच्या जागी ठेवली. मासा आणला नाही, टाकी काढूही दिली नाही. एकदा मी म्हटलं, त्यात कांदे तरी ठेवू का, तर त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. दोघंही आपापलं दुःख माझ्याजवळ आणून ठेवत आणि वर बजावत, त्यांना सांगू नको. मी दोघांचं ठेवून घेत होते. त्यात माझं मांडायला जागाच नाही, असं मी स्वतःला समजावत होते. फार सोयीचं होतं ते.

बाबांचं येणं कमी झालं. आले तरी दाराजवळच्या खुर्चीत, रिकाम्या टाकीकडे पाठ करून बसायचे, चहा घ्यायचे आणि "गाडी चुकते" म्हणून उठायचे. मुक्काम नाही. ते येत नाहीत म्हणून जीपही येईनाशी झाली. घर ऐसपैस झालं. असं ऐसपैस घर मी मनातल्या मनातही कधी मागितलं नव्हतं, आणि विवेकनंही नाही, उलट तोच गादी काढून ठेवायचा आणि मला आत येऊन विचारायचा, "बाबा आजही राहणार नाहीत का?" माहेर तुटतं ते काही दर वेळी भांडणानंच तुटत नाही. कुणीतरी बोलायचं असतं आणि ते बोलत नाही, तेवढं पुरतं.

यंदा अधिक लागला आणि बाबांचा फोन आला. "वान भाच्याच्या हाती धाडतो बाई. बत्ताशे हायेत. माह्या हाताले यश नाही. मी काही येत नाही."

मी फोन ठेवला तरी उभीच राहिले. आता ते कधीच यायचे नाहीत, हे मला कळलं. विवेकनं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. यशाचं तेवढं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मोटरसायकल काढून तो उंद्रीला गेला आणि दुपारी बाबांना मागे बसवून घेऊन आला. दोघांच्याही डोक्याला ओले रुमाल बांधलेले. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आयकूनच घेतलं नाही यायनं."

पाट मांडले. परात आणली. कूलरचं पाणी संपून नुसता गरम वारा येत होता, तो बंद केला. बाबा गुडघे धरत खाली बसले आणि त्यांनी विवेकच्या पायांकडे हात नेला. विवेकनं पाय मागे घेतले.

बाबांचा हात तसाच राहिला. "अजून राग हाये का जावईबापू?"

"राग?" विवेक म्हणाला. "बाबा, तुम्ही माझे पाय धुऊ नका. त्या टाकीत एवढे मासे जगत नाहीत हे मला माहीत होतं. पिशव्या पाहिल्या तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही प्रेमानं आणले आणि मी सगळं माहीत असून आत सोडले. तुमच्या हाताला काय झालंय? जे गेले ते माझ्या हातानं गेले."

 हाताला यश नसल्याची गोष्ट त्याला कोणी सांगितली, असं बाबांनी माझ्याकडे पाहूनही विचारलं नाही. ती उंद्रीत त्यांनीच त्याला सांगितली असणार.

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग बोल्ला काऊन नाही बे?"

नारायणाच्या महिन्यात जावयाला बे म्हटल्याचं लक्षात येऊन बाबांनी जीभ चावली. विवेकला मात्र हसू आलं, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरले. बाबांनी त्याचा पाय धरून परातीत ओढला. "तीन वर्सं झाले, मी त्या तलावावर गोळ्या टाकून राह्यलो," ते म्हणाले, "आन् तू इथं कोरडी पेटी पुसून राह्यला. दोघंबी येडेच." त्यांनी त्याचे पाय धुतले, अंगठे पुसले, बत्ताशांचं ताट हातात दिलं. रात्री मुक्काम करणार का, असं विवेकनं विचारलं, तर म्हणाले, "आता काय तुही फटफटी मले परत नेनार हाये का? राह्यतो ना." मग ते तेवढ्यावर थांबले नाहीत. टाकीत पुन्हा मासे कधी आणायचे, कोणते, आणि एका जातीचे किती, हे विचारायला लागले. विवेक सांगायला लागला. मी पाटावर बसून दोघांना पाहत होते.

मग बाबा माझ्याकडे वळले.

"बाई, तुह्ये मधल्या मधी हाल झाले," ते म्हणाले. "त्यायले सांगू नको, मले सांगू नको. तुले मी बोलू देल्लं नाही. माह्यं चुकलं माय."

"माझंही," विवेक म्हणाला. "तुला उगाच खोटं बोलायला लावलं मी. तुझा काय दोष होता त्यात?"

दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. ते एक वाक्य बोलायला जागा होती, वेळ होती, आणि रागावणारं कोणी नव्हतं. बाबा हसले असते, मलाही वेडी म्हणाले असते.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "झालं ते झालं."

"मनानं मोठी हाये माही बाई," बाबा विवेकला म्हणाले. त्यानं मान डोलावली. मग बाबांनी परातीतलं पाणी बदललं, परात माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या पायांकडे हात नेला. मी पाय मागे घेतले नाहीत.